रीताबाईची बदकं, धनराजचा कोंबडा

रीताबाई रामटेकेला पाखरांची फार आवड आहे, असं कोणी तिच्या तोंडावर म्हटलं तर ती त्या माणसाकडे अशी बघते की तो पुढचं बोलणं गिळून टाकतो. आवड होती तिच्या नवऱ्याला. निस्तरणं मात्र तिच्या वाट्याला आलं.

गोंडपिपरीकडून येणारा डांबरी रस्ता धानाच्या बांध्यांमधून जात जात जिथे संपतो, त्या गावात ती अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी घरोघर फिरून लेकरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, भांडी घासायची आणि दुपारी थकून घरी यायचं. घरी तरी कोणाचं नाक पुसावं लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं. लेक दिव्यानी नागपूरला शिकायला गेली, तेव्हापासून घरात ती आणि अश्वजित दोघंच. अश्वजित एसटीत कंडक्टर. त्याच्याकडे बरेचदा मुक्कामी गाडी असायची, म्हणजे संध्याकाळी जायचं, तिकडेच झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परतायचं. अशाच एका मुक्कामाहून, अहेरीच्या आठवडी बाजारातून तो बांबूच्या टोपलीत बदकं घेऊन आला. टोपली त्याने सीटखाली सरकवली होती आणि सगळ्या वाटेभर प्रवासी हसत होते, हे त्याने घरी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

त्याचं म्हणणं असं, की घरामागे बोडी आहे, शेताला पाणी द्यायचं ते एवढंसं तळं वर्षभर नुसतं पडून असतं. त्यात बदकं पोहतील, अंडी देतील, बघायलाही बरं वाटेल.

"बोडी रिकामी हाये म्हनून बदकं आनली," रीताबाई म्हणाली. "उद्या आभाळ रिकामं दिसलं तं इमान आनसान का?"

अश्वजित हसला. असं हसलं की भांडण तिथेच संपतं, असा त्याचा समज होता. दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर गेला आणि बदकं रीताबाईच्या गळ्यात पडली.

कोंबड्या तिने लहानपणापासून पाळलेल्या. कोंबडीला अक्कल असते, असं तिचं मत. दिवस कलला की ती आपणहून डालग्याकडे येते, आत शिरते, झाकण लावलं की विषय संपतो. बदकांना घर म्हणून काही असतं, हेच पटत नव्हतं. सूर्य बुडायला आला की ती बोडीच्या पार पलीकडच्या काठाला जायची, बेशरमाच्या झुडपात घुसायची आणि तिथून क्वॅक क्वॅक करत रीताबाईची मजा बघायची. रीताबाई अलीकडच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभी राहून हाका मारायची, कण्या दाखवायची, मग ढेकळं फेकायची. ढेकूळ पडलं की बदकं आणखी पलीकडे. ती पाळीवरून धावत पलीकडे पोचली की बदकं पाण्यातून इकडे. लुगड्याचा काठ चिखलात आणि घसा बसलेला, अशी ती परतायची तेव्हा शेजारच्या अंगणातून सोनीबाई विचारायची, "आल्या का वं तुया पोरी?"

पहिलं बदक मुंगसाने नेलं, तेही भरदिवसा. रीताबाई अंगणात भांडी घासत होती. पाण्यात एकदम गडबड उडाली आणि ती राखेने भरलेल्या हातांनी धावली, तोवर काठावर पिसं पडली होती आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेताच्या धुऱ्याकडे काहीतरी करडं, लांबट सरपटत गेलं. तिला त्या बदकाबद्दल प्रेम नव्हतं. पण आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच अंगणातून कोणी काही उचलून न्यावं, हे तिला सहन होणारं नव्हतं. ती रागाने दिवसभर जेवली नाही. अश्वजितला सांगितलं, तर तो म्हणाला की मुंगसालाही पोट असतंच ना. त्यावर ती जे बोलली ते अंगणवाडीत बोलण्यासारखं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. गावात बदकं पाळलेला एकही माणूस नव्हता, पण बदकं कशी राखावी हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी म्हणालं लाल कापड बांध. कोणी म्हणालं मिरच्यांचा धूर कर. सोनीबाईने सांगितलं की काठाला बाभळीच्या काट्या लाव. त्या लावल्या, तर पहिल्याच दिवशी रीताबाईच्याच पायात काटा मोडला. मुखरूभाऊ, जे गावातल्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आणि सगळ्याच विषयांतले जाणकार, त्यांनी कुत्रा बांधायला सांगितलं. त्यांच्याच घरचं पिल्लू आणून बांधलं. ते दोन दिवस बदकांकडे पाहून शेपूट हलवत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी अंडी फोडून चाटताना सापडलं. पिल्लू परत गेलं.

शेवटी तिने चैतूला बोलावलं. चैतू पलीकडच्या गोंडी टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, बांबूचं काम करणारा. त्याने बोडीच्या काठालगत बांबूच्या तट्ट्याचं घर उभं केलं, वरून गवताचं छप्पर घातलं. काम देखणं होतं. मुंगूस खालची माती उकरून आत शिरलं. चैतूने खाली दगड बसवले. मग रानमांजर छपरावरून आलं, गवत बाजूला करून. चैतूने छपराखाली तारेची जाळी ठोकली. आता चोहोबाजूंनी बंदोबस्त झाला आणि तेव्हा रीताबाईच्या लक्षात आलं, की घर कितीही पक्कं झालं तरी बदकं त्यात जायला तयार हवीत. ती तर अजूनही झुडपात बसून होती.

"घराले काई नाई झालं," चैतू डोकं खाजवत म्हणाला. "रायनारे बिघडले हायेत."

यातच ते संध्याकाळचं प्रकरण झालं. उजेड अजून होता. रीताबाई पाळीवर उभी राहून नेहमीच्या हाका मारत होती. एक बदक, तपकिरी रंगाची जाडसर मादी, कधी नव्हे ते स्वतःहून काठाला आली आणि त्याच क्षणी गवतातून रानमांजराने झेप घेतली. रीताबाईच्या हातात खराटा होता. तिने आरडाओरडा केला नाही, सरळ खराटा घेऊन मांजरावर धावली. मांजर एवढं दचकलं की तोंडातलं सोडून पळालं.

बदक जिवंत होतं, पण मानेची कातडी एका बाजूने फाटून लोंबत होती आणि एक पंख खाली पडला होता. अश्वजित मुक्कामी गाडीवर. सोनीबाई कुंपणावरून वाकून म्हणाली, की आता हे काही जगत नाही, मान मोड आणि शिजव, निदान वाया तरी जाणार नाही. रीताबाईलाही ते पटलं. खोटं कशाला सांगा, तिने भाजी चिरायची पावशी काढली, पाटावर ठेवली आणि बदक मांडीवर घेतलं. दुपारी अंगणवाडीत भात वाढताना तिच्या बांगडीला शितं चिकटली होती. मान फाटलेलं, रक्ताने भिजलेलं ते बदक चोच पुढे करून बांगडीवरची शितं टिपायला लागलं.

"पाह्य तं," रीताबाई सोनीबाईला रागाने म्हणाली. "मरून राह्यली, अन् हिले खायाचं सुचून राह्यलं."

तिने पावशी मिटून ठेवली आणि पाणी तापत ठेवलं.

मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, हळद लावली, पंख जुन्या लुगड्याच्या पट्टीने अंगाशी बांधला. सकाळी सुट्टी टाकून ती टोपली घेऊन गोंडपिपरीच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी मानेला टाके घातले आणि ते कसे घालायचे, कसे काढायचे, हेही सांगितलं, कारण पुन्हा पुन्हा येणं तिला जमणारं नव्हतं. तरी चार दिवसांनी जखमेच्या एका कोपऱ्यात अळ्या पडल्या. त्या तिने चिमट्याने एकेक करून काढल्या, सीताफळाच्या पाल्याचा रस लावला आणि काढताना सबंध वेळ बदकाला शिव्या दिल्या. बदकाला कण्या कोरड्या चालत नव्हत्या, भिजवून हव्या. पाणी उथळ चालत नव्हतं, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं खोल हवं. आणि चोच बुडवली की झटकायची, ती रीताबाईने नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर. ओसरीत घमेलं ठेवलं होतं, पण घमेल्यात बसायचं सोडून ते बदक चुलीपाशी यायचं. घर सारखं ओलं आणि वास सारखा.

बदक जगलं, पण पंख वाकडाच राहिला. बोडीत सोडलं तर बाकीची बदकं त्याला टोचायला लागली. म्हणून ते परत घरात आलं, आणि रीताबाई जिथे जाईल तिथे डुलत डुलत मागे जायला लागलं. अंगणवाडीतही. लेकरं खिचडी टाकून बदकाकडे बघत बसायची. पर्यवेक्षिका बाई तपासणीला आल्या, तेव्हा बदक दारात बसलं होतं. त्या पाहून हसल्या आणि निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रीताबाईला वाटलं. निदान बदकाविरुद्ध कोणीतरी तिच्या बाजूने असतं.

बदक जगल्याची बातमी गावभर झाली आणि मग जो तो दारात उभा राहू लागला. कोणाची कोंबडी सायकलखाली आलेली, कोणाच्या पिल्लाला शिकऱ्याने उचलून टाकलेलं. कोणी बगळा आणला, कोणी पंख मोडलेला पोपट. रानातल्या पाखरांसाठी तिने वनरक्षकाला फोन करायचं ठरवलं आणि तो आला की ती पाखरं त्याच्या हवाली करायची. बाकीच्यांना मात्र ती, "मी का दवाखाना टाकला का इथी?" असं विचारायची आणि विचारता विचारताच हात धुऊन पाणी तापायला ठेवायची. लोकांना त्या प्रश्नाची सवय झाली. ते उत्तर न देता ओसरीच्या कडेला बसून राहायचे.

एका रविवारी दुपारी धनराज ठेंगणे आला. धनराजची शेती बोडीच्या पलीकडेच, धान आणि थोडी पऱ्हाटी. गावात त्याचं कोणाशी वाकडं नव्हतं. त्याच्या अंगात नुसती बनियन होती, आणि शर्टात गुंडाळलेला कोंबडा त्याने छातीशी धरला होता. लालभडक कोंबडा, शेपटीत काळी-हिरवी झाक, मान ताठ. छातीवर मात्र आडवा, लांब घाव, आणि धनराजचा शर्ट रक्ताने माखलेला.

"मुंगसानं धरला, वैनी," तो म्हणाला.

रीताबाईने शर्ट बाजूला करून पाहिलं. मुंगूस कसं धरतं, हे तिला आता पाठ झालं होतं. ते ओरबाडतं, चघळतं, मांस लोंबतं. हा घाव सरळ होता, पट्टीने आखल्यासारखा. नदीपलीकडे जंगलाच्या कडेला रविवारी कोंबडा बाजार भरतो, कोंबड्यांच्या पायाला धारदार लोखंडी पात्याची काती बांधून झुंज लावतात आणि पोलिसांची धाड पडली की सगळे रान धरतात, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? तिने आधी पाणी तापवलं. दवाखाना रविवारचा बंद, म्हणून सुई आणि रेशमी दोरा उकळून घेतला आणि धनराजला कोंबडा धरायला सांगितला.

पहिला टाका घालताना धनराजने मान फिरवली आणि भिंतीकडे बघू लागला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"धनराजभाऊ, काती चालते, अन् सुई पाहवत नाई का?" तिने विचारलं.

त्याने कोंबडा आणखी घट्ट धरला. कोंबडा गप्प होता. टाके संपेपर्यंत त्याने एकदाही चोच मारली नाही, आणि हेच रीताबाईला सगळ्यात जास्त खटकलं. एवढं सोसायची सवय पाखराला लागावी कशी, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने धनराजला हात धुवायलाही पाणी न देता घरी पाठवलं.

कोंबडा बरा व्हायला दसरा उलटून दिवाळी आली. तोवर त्याने घर डोक्यावर घेतलं. पहाटे कोणाच्याही आधी आरवायचा. अश्वजितचा खाकी गणवेश त्याला चालत नव्हता, ड्युटीवर निघालेल्या माणसाच्या पोटऱ्यांवर तो तुटून पडायचा आणि अश्वजित तिकिटांच्या मशीनने त्याला अडवत फाटकापर्यंत उलट पावली जायचा. रीताबाईला तेवढंच एक सुख होतं. अंगणातल्या स्कूटीच्या आरशात कोंबड्याला दुसरा कोंबडा दिसायचा, म्हणून आरशावर पिशवी बांधावी लागली. वाकड्या पंखाच्या बदकावर तो एकदा धावून गेला. बदकाने घमेल्यात मान बुडवली आणि सगळं पाणी त्याच्या तोंडावर झटकलं. त्यानंतर कोंबड्याने बदकाचा नाद सोडला.

सोनीबाईला वाटत होतं की असा लढवय्या असताना आता मुंगसाची काय बिशाद. मुंगूस पुन्हा आलं आणि काठावरून एक बदक घेऊन गेलं. कोंबडा तेव्हा अंगणात पिशवी बांधलेल्या आरशाशी भांडत होता.

धानाची कापणी सुरू झाली तसा धनराज कोंबडा न्यायला आला. कापणीनंतर लोकांना उसंत मिळते आणि बाजार जोरात भरतो. रीताबाई ओसरीत आडवी उभी राहिली आणि म्हणाली की कोंबडा देणार नाही. धनराजने आधी समजावलं, मग आवाज चढवला आणि मग सरळ मुखरूभाऊंकडे जाऊन तक्रार केली, की माझा कोंबडा रामटेके वहिनीने दाबून ठेवला आहे.

बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर भरली. कोंबड्यासाठी बैठक म्हटल्यावर गाव लोटलं. पोलीस पाटील खुर्चीवर, मुखरूभाऊ मधोमध. अश्वजित नेमका मुक्कामी गाडीवर, याचं रीताबाईला आता आश्चर्यही वाटत नव्हतं. कोंबडा तिने टोपलीखाली झाकून सोबत आणला होता आणि वाकड्या पंखाचं बदक तिच्यामागे डुलत आलंच होतं.

मुखरूभाऊंनी धनराजला रीतसर विचारलं की कोंबडा तुझाच का. तो हो म्हणाला. रीताबाईनेही मान्य केलं.

"मंग देत काऊन नाई, बाई?"

"देतो, भाऊ. पन जखम कायनं झाली, ते त्यायले इथी सांगा म्हना."

"मुंगसानं," धनराज खाली बघत म्हणाला.

रीताबाईने टोपली उचलली, कोंबडा काखेत घेतला आणि छातीवरची पिसं बाजूला करून तो सरळ, पांढरा व्रण मुखरूभाऊंच्या पुढ्यात धरला. मग दुसऱ्या हाताने बदकाची मान वर केली आणि तिथला वेडावाकडा, गाठी पडलेला व्रण दाखवला. ती म्हणाली की हे जनावराचे दात, आणि हे काय, ते धनराजभाऊंनी पाटलांना सांगावं. मुंगूस म्हणाले तर मी कोंबडा परत मुंगसाच्या तोंडात देणार नाही. दुसरं काही असेल तर तेही पाटलांसमोरच सांगावं.

सगळ्यांच्या नजरा पोलीस पाटलांकडे गेल्या. पाटील छताकडे बघत होते. मागे कोणीतरी खुसखुसलं. मुखरूभाऊंनी घसा साफ केला आणि निवाडा दिला की कोंबडा पूर्ण बरा होईस्तोवर रीताबाईकडे राहील, आणि बरा कधी झाला ते तीच ठरवेल. लोक हसत हसत उठले. धनराज कोणाकडे न बघता निघून गेला.

जिंकून घरी येताना रीताबाईच्या डोक्यात उजेड पडला, की आता हा कोंबडा चारचौघांत, कायमचा तिच्या अंगावर आला आहे. ती वाटेतच थांबली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धनराज दिसला. ती बोडीच्या पाळीवर नेहमीच्या हाका मारत होती आणि तो पलीकडच्या काठाने येत होता. भांडायला आला असं समजून तिने खराटा घट्ट धरला. तो तिच्यापासून अंतर राखून पाळीवर बसला. मग म्हणाला की या कोंबड्याला त्याने अंड्यातून निघाल्यापासून वाढवलं. थंडीत कुशीत घेऊन झोपला, स्वतःच्या ताटातलं चारलं. बायको म्हणायची, पोरांनाही एवढं नाही केलं. आणि त्याच हातांनी त्याच्या पायाला काती बांधली. घाव लागला तेव्हा कोंबडा त्याच्याच पायाशी येऊन पडला.

"मंग काऊन नेता?" रीताबाईने विचारलं.

"तेच तं नाई समजत, वैनी. बाजार भरला का पाय आपोआप निघते. घरी असला तं मी नेईनच त्याले. मले मायाच भरवसा नाई." त्याने नाक पुसलं. "तुमच्यापाशीच राहू द्या. मी कितीबी मांगतलं, तरी देऊ नोका."

रीताबाई एका वाईट माणसाशी भांडायची तयारी करून उभी होती. तो माणूस आता नाक पुसत तिच्या पाळीवर बसला होता. तिला त्याचाही राग आला.

"रडाचं असन तं मंग रडा," ती म्हणाली. "आता त्या बाजूनं जा अन् बदकं हाकला. अंधार पडून राह्यला."

धनराज उठला. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून पलीकडच्या काठाने पाण्यात उतरला आणि झुडपं हलवू लागला. बदकं बाहेर आली आणि सवयीप्रमाणे रीताबाईच्या बाजूला पोहली. ती तिथे खराटा घेऊन उभी. परत फिरली तर तिकडे धनराज. मग त्यांनी मधला मार्ग धरला, तो सरळ चैतूने बांधलेल्या घराच्या दारात जात होता. एकामागून एक, कुरकुरत, सगळी आत गेली. रीताबाईने दार ओढून आगळ घातली आणि तशीच उभी राहिली. एवढे महिने लाल कापड, मिरच्या, काट्या, कुत्रा, जाळी, आणि गोष्ट इतकी साधी होती. बोडीला दोन काठ होते आणि ती एकटी होती.

अश्वजितला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की मी घरी असलो की मीही येईन हाकलायला. तो आला, दोनदा. दोन्ही वेळा कोंबड्याने त्याला पाळीवरून पिटाळलं. धनराज मात्र रोज येत राहिला. आधी ओसरीत कोंबड्याशी थोडं बोलायचा, त्याच्या मानेवरून हात फिरवायचा, मग पॅंट दुमडून पाण्यात. त्यानंतर रानमांजराला एकही बदक मिळालं नाही. मुंगसाने अधूनमधून दिवसा डाव साधला, पण रोजची लूट थांबली.

संक्रांतीच्या दिवशी नदीपलीकडे वर्षातला मोठा बाजार भरतो. त्या दिवशी धनराज सकाळीच आला आणि ओसरीत येऊन बसला. रस्त्याने मोटारसायकली जात होत्या, मागे बसलेल्यांच्या मांडीवर पिशव्यांतून कोंबड्यांच्या माना बाहेर. प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्याची मान वळायची. रीताबाई तीळ भाजत होती. शेवटी त्याने विचारलं, "नुसता पाहून येऊ का त्याले घेऊन? काती नाई बांधत."

"नाई."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने आवाज चढवला, कोंबडा माझा आहे, तू कोण अडवणारी, आणि तो कोंबडा झाकलेल्या टोपलीकडे वळला. रीताबाई तीळ हलवायचा सराटा घेऊन चुलीपासून उठली आणि टोपलीवर जाऊन बसली. आतून कोंबडा ओरडत होता, चुलीवर तीळ जळत होते आणि वाकड्या पंखाचं बदक दोघांच्या मध्ये उभं होतं.

"तुमीच म्हनलं होतं ना, कितीबी मांगतलं तरी देऊ नोका?" ती म्हणाली. "मंग मायावर काऊन ओरडता? मी का हौसेनं बसली का इथी?"

धनराज टोपलीपासून मागे सरला. मग बोडीकडे गेला आणि बदकांच्या घराच्या छपराचं कुजलेलं गवत उपसायला लागला. दिवसभर तेच करत होता. दुपारी तिने त्याला जेवायला बोलावलं, तो आला नाही, तर तिने ताट छपराखाली नेऊन आदळलं. संध्याकाळी मोटारसायकली परत येऊ लागल्या, तोवर नवं छप्पर झालं होतं. जळालेल्या तिळाचे लाडू त्याने दोन खाल्ले.

पुढच्या वर्षी तो बाजाराला गेला. स्वतःचा कोंबडा नव्हता, पण दुसऱ्याच्या कोंबड्याला काती बांधून द्यायला गेला, असं सोनीबाईने कुंपणावरून सांगितलं, आणि सांगताना तिला जरा आनंदच झाला. रीताबाईने ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी धनराज पलीकडच्या काठाला आला तेव्हा ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला कळलं की तिला कळलं आहे. दोघांनी तसंच, दोन काठांवरून, बदकं हाकली. पिल्लं धरून आता ती भरपूर झाली होती. वाकड्या पंखाच्या मादीची अंडी एका खुडूक कोंबडीखाली ठेवली होती, आणि आपली पिल्लं पाण्यात गेल्यावर ती कोंबडी काठाने जी बोंबलत धावायची, ती वेगळीच कटकट होती. एक पिल्लू मागे राहिलं. धनराज कमरेपर्यंत पाण्यात गेला आणि त्याला ओंजळीत घेऊन आला.

दार लावून झाल्यावर तो घरी जायला वळला.

"चहा ठेवला हाये," रीताबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पाय धुऊन या. मी आत्ताच सारवलं."

फाटकाशी तोवर कोणीतरी पिशवी घेऊन उभं होतं. पिशवीत काहीतरी फडफडत होतं. रीताबाईने विचारलं की मी काय दवाखाना टाकला आहे का, आणि आत जाऊन चहाचं भांडं उतरवून पाण्याचं चढवलं.